शालिनीताईंचा वरचा सा

समूहगान स्वरांवर उभं असतं, असा एक गैरसमज पुण्या-मुंबईकडे अजून आढळतो. दिल्लीत ते सेवाज्येष्ठतेवर उभं असतं. द्वारकेतल्या मराठी वृंदगान मंडळात पहिली रांग सहसचिव व त्यांच्या सौभाग्यवतींची, दुसरी संचालकांची आणि तिसरी ज्यांना गाता येतं त्यांची. (चौथी रांग स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांची. पास झाले तर हे एकदम पहिल्या रांगेत येतील, म्हणून त्यांच्याशी सगळे जपून बोलतात.)

या मंडळाची दिग्दर्शिका मैत्री. मूळची नागपूरची, संगीतात एम.ए., नवरा सुगत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिग्दर्शिकेचं पद मानद आहे, म्हणजे त्यात मान सोडून बाकी सगळं करावं लागतं.

मैत्रीला साडेतीन वर्षांचा मुलगा आहे, सिद्धांत. या बाबीचा संगीताशी संबंध नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दिल्लीत नर्सरीचा प्रवेश घेतलेला नसावा. मैत्रीने निवडलेल्या शाळेत एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना पूर्ण गुण मिळतात. तिची सोसायटी गेटापासून मोजली तर आत येते, लिफ्टपासून मोजली तर बाहेर. शाळा लिफ्टपासून मोजते. उरला शाळेच्या व्यवस्थापन समितीचा शब्द, आणि समितीवर होत्या शालिनीताई. पहिली रांग, मधोमध, माइकसमोर.

शालिनीताईंचा आवाज मोठा होता आणि मन त्याहून मोठं. अडचण एका ओळीपुरतीच होती. अंतऱ्यात जिथे वरच्या सा वर जायचं तिथे त्या, गुडगावचा टोलनाका दिसताच गाडी वळवावी तशा, जरा अलीकडूनच परतत.

आता बेसूर ही सापेक्ष बाब आहे. एक जण बाकीच्यांपेक्षा वेगळा गातो तेव्हा त्याला बेसूर म्हणतात. त्यावर उपाय दोनच: त्या एकाला सुधारणं किंवा बाकीच्यांना बिघडवणं. पहिला उपाय आधीचे दिग्दर्शक नरसिंह सर यांनी करून पाहिला. (सर सध्या मंडळात सतरंज्यांची व्यवस्था पाहतात.) त्यामुळे मैत्रीने दुसरा उपाय अमलात आणला.

वाटतं तितकं ते सोपं नाही. माणसं मोकळी सोडली तर प्रत्येक जण आपापल्या आवडीने चुकतो. सगळ्यांनी मिळून एकाच मापाने चुकायला रियाज लागतो.

"मॅडम, नेमकं किती खाली?" चौथ्या रांगेतल्या सुधन्वाने विचारलं. तो लातूरकडचा, इतिहास घेऊन परीक्षेला बसणारा.

"शालिनीताईंइतकं."

"आणि ताई एखाद्या दिवशी जास्तच खाली असल्या तर?"

"तर जास्त."

सुधन्वाने मान डोलावली. प्रशासनात जाण्याची त्याची पात्रता त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आली. हरिदासकाकांची पेटी मात्र आडवी आली, कारण ताई जिथून परतत ती पट्टी पेटीत नव्हती. त्यांना त्या ओळीपुरता नुसता भाता हलवायला सांगण्यात आलं.

सुगतने एकदा घरी विषय काढला. "यार, तुला हे बरोबर वाटतं?"

"तू लिफ्ट गेटपाशी बसवून दे, मग बोलू," मैत्री म्हणाली.

डिसेंबरअखेर लेकीकडे मदत हवी असल्याचं सांगून शालिनीताईंनी तालमी बुडवल्या. तालमी थांबल्या नाहीत. साहेब रजेवर असले तरी साहेबांची चूक फाइलमध्ये पुढे सरकत राहते, तशी ताईंची ओळ ताईंवाचून घोटवली गेली. इतक्या एकमुखाने खाली येणारं वृंदगान उत्तर भारतात दुसरं नसावं.

दरवर्षीप्रमाणे चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतच्या लढाईच्या स्मारकाशी, काला अंबला, गाण्यासाठी गेली. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, शाळेची पहिली यादी लागायची होती. धुकं असं की श्रोते नुसत्या शालींच्या रूपात दिसत होते. मुख्य पाहुणे हीटरजवळ बसले. गाणं सुरू झालं, अंतरा आला, ती ओळ आली, आणि शालिनीताई वर गेल्या. थेट सा. स्वच्छ, टिकवलेला.

त्यांच्या मागे सगळं मंडळ शिकवल्याप्रमाणे खाली आलं.

मैत्रीच्या अंगावर काटा आला. तीन वर्षं ती या एका सुराची वाट पाहत होती. तिने हात वर केला आणि पंजा पालथा करून ताईंना खाली यायची खूण केली.

श्रोत्यांचा निकाल झटपट लागला. एवढे जण एकीकडे आणि एक बाई दुसरीकडे, तेव्हा चूक कोणाची हे ओळखायला गाणं कळावं लागत नाही. पाहुण्यांनी भाषणात मंडळाच्या एकजुटीचं कौतुक केलं. "बस आगे वाली एक मैडम थोड़ा..." एवढं म्हणून ते सभ्यपणे थांबले.

परतीच्या बसमध्ये शालिनीताई मैत्रीशेजारी येऊन बसल्या. "लेकीकडे गेलेच नव्हते गं. करोल बागेत एक सर आहेत, त्यांच्याकडे रोज जात होते. म्हटलं, तुम्हा सगळ्यांना सरप्राइज. मैत्री, खरं सांग. माझं कुठे चुकलं?"

प्रश्नाचं खरं उत्तर मैत्रीला ठाऊक होतं. पण 'ताई, तुम्ही बरोबर होता' म्हटलं की 'मग बाकीचे?' हे आलं, आणि त्यानंतर यादीत सिद्धांतचं नाव येणं अवघड होतं.

"थोडंसं वर गेलात, ताई," ती म्हणाली. "पण भावना पोचली."

शालिनीताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला. "त्या सरांनी वाट लावली माझी. चलो, उद्यापासून बंद. आता नको ते गाणंबिणं या वयात." मग मैत्रीचा हात धरून म्हणाल्या, "माझ्यामुळे तुझी मान खाली गेली. सिद्धांतचं मी आजच बोलते, बिल्कुल काळजी करू नकोस."

शुक्रवारी यादीत सिद्धांतचं नाव होतं. पहिल्या रांगेतली मधली जागा रिकामी झाल्याने ज्येष्ठतेनुसार पुढच्या बाई तिथे आल्या. त्यांची अडचण दुसऱ्या ओळीवर आहे. तालमी सुरू आहेत.

मैत्रीचा राग आला असेल तर तो योग्यच आहे. सभ्य वाचकाला यायलाच हवा. फक्त आपलं मूल ज्या शाळेत शिकलं तिथे त्याचं नाव कसं लागलं, हे आज घरी एकदा विचारून पाहावं. मूल झोपल्यावर विचारलेलं बरं.