गोलच्या मागची खुर्ची

दामलेकाकांच्या दारात एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभं राहिलेलं चालत नसे. मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले, तेव्हा बूट काढावेत की नको या विचारात तशीच उभी होते, तर काका आतूनच ओरडले, "दोन्ही पाय आत आले का? नाही ना? मग तू अजून आलेलीच नाहीस!" बाहेर अंगाचा गोठून दगड व्हायची वेळ. मला वाटलं, घरातली ऊब जाऊ नये म्हणून म्हातारा कटकट करतोय. नंतर कळलं, हा आइस हॉकीतला ऑफसाइडचा नियम होता: चकतीच्या आधी खेळाडूने निळी रेषा ओलांडायची नाही, आणि दोन्ही पाय पलीकडे गेले तरच ओलांडली असं धरायचं.

आम्ही तेव्हा नुकतेच वॉटर्लूला आलो होतो. कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला फोन करायचे ते दिवस. काका शेजारच्या घरात एकटे राहायचे. शेजारच्या केंब्रिज गावी मोटारींच्या कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये उभा जन्म काढून रिटायर झालेले. मूलबाळ नाही. काकू गेल्या त्या विंटरमध्ये कारखान्यातला त्यांचा जोडीदार गॉर्ड त्यांना एका रविवारी सकाळी अक्षरशः उचलून बर्फाच्या रिंकवर घेऊन गेला. तिथे रिटायर मंडळी हौसेने हॉकी खेळायची. काकांना स्केटिंग येत नव्हतं, म्हणून गॉर्डने त्यांना गोलच्या मागे, काचेपलीकडे एका खुर्चीत बसवलं आणि हाताशी एक बटण दिलं. चकती गोलात गेली की बटण दाबायचं, लाल दिवा लागतो. एवढंच काम. पण दामलेकाकांना एवढंच काम देऊन भागतं होय!

त्यांनी रूलबुक पाठ केलं. आणि ऐकायला कोण? मी!

"मंजिरी, गोलची लाल रेषा दोन इंच रुंद. चकती रेषेला टेकली, गोल नाही. अर्धी पलीकडे गेली, गोल नाही. सगळीच्या सगळी जाऊन मधे पांढरा बर्फ दिसला पाहिजे!"

मी मेथी निवडत "हो का?" म्हणायचे. काकांना तेवढं पुरायचं.

मग ते खूळ गावभर पसरलं. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कोणाचं चाक पट्ट्यावर दिसलं, की काका त्या गाडीपाशी मालकाची वाट बघत कुडकुडत उभे. मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसायचा, आणि तिथल्या जमिनीवर बास्केटबॉलच्या नाही नाही त्या रेषा. आरतीच्या वेळी काकांनी सगळ्यांना एका निळ्या रेषेमागे रेटलं. आमच्या अध्यक्षीणबाई मोदकांचं ताट घेऊन पुढे निघाल्या, तर काका भर आरतीत म्हणाले, "वहिनी, ऑफसाइड!" बाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काकांना त्याचा पत्ताही नव्हता.

गॉर्ड मात्र त्यांच्यावर कधी वैतागला नाही. खेळ संपला की दोघं कॉफी घेऊन बसायचे आणि एकेका गोलचा कीस काढायचे. तो रविवार सोडला तर काकांशी आठवडाभर कोणी धड बोलायचं नाही. मी बोलायचे, पण तेही जाता-येता, किल्ल्या शोधत.

गॉर्ड बचावाला खेळायचा. त्या रिंकवर त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. "वन गोल, डॅमले, अँड आय ॲम डन!" असं तो नेहमी म्हणायचा. एक गोल झाला की स्केट्स खुंटीला टांगणार. पण गोल होण्याआधीच त्याच्या मुलीने त्याला कायमचं हॅलिफॅक्सला बोलावून घेतलं. विमानानेच जायचं एवढं लांब. त्याने घर विकलं, गाडी विकली. त्यामुळे एरवी गॉर्डच्या गाडीतून जाणाऱ्या काकांना शेवटच्या रविवारी रिंकवर न्यायचं माझ्यावर आलं. वाटेत काकांनी एकही नियम सांगितला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्या दिवशी सगळ्यांनी संगनमत केलं होतं. ज्याच्याकडे चकती जाईल, तो ती गॉर्डकडेच ढकलायचा. शेवटी काकांच्या समोरच्याच गोलपाशी गॉर्डने धडपडत स्टिक मारली आणि स्वतः आडवा झाला. गोलकीपर चकतीवर पडला. त्याच्या खाली काय झालं ते मागून, काकांच्या खुर्चीतूनच काय ते दिसणार. सगळे दिव्याकडे बघायला लागले.

दिवा लागला नाही.

"कम ऑन, डॅमले! गिव्ह इट टू हिम!" सगळे बर्फावर स्टिका आपटायला लागले. रेफरीने काचेशी येऊन विचारलं. काकांनी मान हलवली. नो गोल. मला असा संताप आला! कसले मेले नियम? मित्र चाललाय, द्यायचा की एक गोल!

गॉर्ड मात्र हसत हसत काचेपाशी आला. "दॅट क्लोज, एह? नेक्स्ट विंटर, डॅमले. आय ॲम कमिंग बॅक फॉर दॅट वन." मग बाहेर येऊन त्याने काकांना मिठी मारली, आणि काका त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.

परतताना मला राहवलं नाही. "काका, नियम नियम म्हणून माणसाचं मन मोडायचं का?"



"गेली होती गं."

"काय?"

"चकती. सगळीच्या सगळी गेली होती. मला स्वच्छ दिसली."

मी गाडी कडेला घेतली. "अहो, मग दिवा का नाही लावलात?"

"बोट बटणावरच होतं," काका म्हणाले. "पण गोल झाला असता तर त्याचं इथलं कामच संपलं असतं. पुन्हा कशाला आला असता तो?"

बाहेर बारीक बर्फ पडायला लागला होता. काकांनी डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "येईल ना गं तो?"