पोटभार शब्द खोडला त्याची हकीकत

श्रीलेखणीचे धन्यास नमन असो आणि वाचणाराचे चित्त स्थिर राहो. शके सतराशे एकोणतीस, प्रभव नाम संवत्सरी, एका राज्यात ऐसे वर्तमान जाहले जे, महाराजांनी धर्मकोठीचा जुना कानू वाचून घेतला. त्यात विधवा, पांगळे, पोरकी भाचरे, थकलेले बाप, जे कोणी दुसऱ्याचे आधारे जगत त्या सर्वांस एकच नाव होते, "पोटभार". आणि दर अमावास्येस धान्य मापताना चोपदाराने नावापुढे तो शब्द चावडीवर मोठ्याने पुकारावा, ऐसा शिरस्ता होता. महाराज खिन्न होऊन बोलिले, "रयतेस भार म्हणणे आम्हांस शोभत नाही. शब्द खोडावा." मग त्याच दिवशी साऱ्या वह्यांतून शब्द खोडिला, आणि नवा कोणता घालावा हे ठरविण्यास पंडितांची सभा बसली.

कोठीचे कारकून विसाजी गंगाधर, वय पन्नास, अबोल. वीस वर्षे तो शब्द लिहून त्यांची बोटे शिणली होती आणि खोडताना त्यांस हलके वाटले. परंतु सभा उठेना. कोणी "अवलंबित" सुचवी, कोणी "कुटुंबांग" म्हणे, तेव्हा शास्त्री म्हणत, ज्यास कुटुंबच उरले नाही त्याने काय करावे? आणि कोठीचा दंडक ऐसा की, नावापुढला रकाना रिकामा असता मापाऱ्याने माप उचलू नये. मग एक अमावास्या गेली, दुसरी गेली, आणि लोक रिकाम्या झोळ्या घेऊन परत गेले.

त्यांत गोजाबाई होती, राणबा पखाल्याची विधवा. ती विसाजीपंतांचे बैठकीपाशी येऊन हळूच म्हणाली, "पंत, जुनाच शब्द परत लिवा की. आम्हांला सवय हाय त्याची."

"खोडलेला शब्द लिहिता येत नाही, बाई."

"अकरा वर्सं मेलेल्या नवऱ्याचा भार म्हणून वराडलात, तवा येत हुतं. घरी सासू आंथरुणाला खिळलीय. तिला मी पोसते. तिनं काल पेज मागितली, अन् मी नुसतं पाणी ऊन करून दिलं."

ऐसे बोलून ती गेली. पंतांनी दौत पुढे ओढिली आणि प्रत्येक नावापुढल्या रकान्यात तेच नाव पुन्हा लिहिले.

तिसरे अमावास्येस चोपदार अडखळला. "पंत, गोजाबाई, गोजाबाई, ऐसे दोनदा? चूक तर नाही?"

"रकाना भरला आहे ना?"

"भरलाय."

"मग पुकारा."

त्याने पुकारिले. गोजाबाई दरवेळी पदर ओढून सर्वांमागून येई, ती जागीच उभी राहिली. "एवढंच?" तिने विचारिले. "म्होरं काय न्हाई?"

"नाही," मापारी म्हणाला, आणि माप उचलिले.

ऐसे पाच अमावास्या चालिले. मग दिवाणसाहेब तपासणीस आले आणि वही पाहून हसले. "सभेस आठ महिने शब्द सुचेना, आणि आमचे कारकुनास सुचला म्हणायचा."

"सुचला नाही, साहेब," विसाजीपंत मान खाली घालून म्हणाले. "तो त्यांचाच होता."

त्याच आठवड्यात सभेने "स्नेहाश्रित" ऐसा गोड शब्द मान्य केला, त्यावर मोर्तब जाहले, आणि विसाजीपंतांची बदली डोंगरी किल्ल्याचे दप्तरावर जाहली. ते अमावास्येचे दिवशीच निघाले. चावडीवरून जाताना चोपदाराची हाक कानी पडली, "गोजाबाई, स्नेहाश्रित," आणि हाकेचा सूर जुनाच होता. गोजाबाईने पदर पुढे ओढिला आणि ती मागे सरकून उभी राहिली. पंत थांबले नाहीत.

तात्पर्य इतकेच की, राज्यात शब्द सुधारला, धान्यही मिळू लागले, कोणी उपाशी मेले नाही. परंतु मधले पाच अमावास्यांत तेथे माणसे नुसती आपल्या नावाने धान्य नेत होती, याची नोंद दप्तरी चूक म्हणून आहे.