दूध संस्थेची जपानी गादी

जे परंपरा टिकवतात, तेच टिकतात. याचं जगातलं उत्तम उदाहरण म्हणजे जपान. दुसरं, मुरगूडजवळची आमची दूध संस्था.

जपानात बुलेट ट्रेन एका सेकंदानेही चुकत नाही, पण सम्राटाच्या लेकीला गादी मिळत नाही. गादी पुरुषाची, तीही बापाकडच्या रक्ताची. आमच्याकडे तर सहकार कायदा आहे, निवडणूक आहे, मतपेटी आहे (तिच्यात सध्या पेंडीची रिकामी पोती ठेवतात). तरी तीन पिढ्या चेअरमन एकाच घरातला, बिनविरोध. महिला राखीव जागेवर धोंडुबाई आहेत. त्यांचा अंगठा आम्ही घरी जाऊन आणतो, उगाच त्यांना सभेचा त्रास नको.

यंदा मात्र संकट ओढवलं. चेअरमन आकारामआबा थकले आणि पदरी एकुलती एक लेक, क्रांती. ती डेअरीचं शिकलेली. पहाटे दुधाचं फॅट तीच बघते, दूध थंड ठेवणारा कूलर अडला तर तीच चालू करते, आणि टँकरवाला आबांना नाही, तिला घाबरतो. तिच्या लायकीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण परंपरेत लायकी बघण्याची पद्धत नाही.

सभेत ती उठली. "आबा, औंदा चेअरमनचा अर्ज मी भरणार हाय."

आबांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. "जपानात बी पोरीस्नी गादी न्हाय. एवढा पुढारलेला देश, त्यो काय येडा हाय व्हय?"

"जपान ऱ्हाऊ द्या. आपल्या संस्थेत रेड्यानं आजवर किती लिटर दूध घातलंय, तेवढं सांगा की!"

मुद्दा तांत्रिक असल्यामुळे पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. (गोठ्यात म्हशीला रेडी झाली की आमचे संचालक पेढे वाटतात आणि घरात मुलगी झाली की जिलेबी. दोन्ही परंपरा जुन्या आहेत, त्यांची गल्लत करू नये.)

वंशात पुरुष कमी पडले तर जुन्या शाखेतला दूरचा एखादा दत्तक घ्यावा, असा विचार जपानात चालू आहे. ते लोक विचार करत बसतात, आम्ही जीप काढली. कबनूरला आबांच्या चुलत चुलत्याचा पणतू सापडला. नाव विश्वजित, धंदा यंत्रमागाचा. दूध सोसत नाही म्हणून चहा कोरा पितो. गोठा दाखवायला आणलं, तर म्हैस बघून जीपच्या बॉनेटवर चढला. 'उमेदवार दुधापासून अलिप्त असल्याने गैरव्यवहाराची शक्यता नाही,' असा अहवाल उपसमितीने एकमताने दिला.

राहिला क्रांतीचा अर्ज. आबा तिच्यासमोर रडले, म्हणाले, "माज्या जिवाची आन हाय तुला." तिनं अर्ज मागं घेतला. संस्थेनं लगेच साडीचोळी देऊन तिचा सत्कार केला. साडी तिथंच खुर्चीवर ठेवून ती म्हणाली, "ही नव्या चेअरमनला नेसवा." पोरीला राग आला होता आणि खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं. पण हात मी विश्वजितला चेअरमन करण्याच्या ठरावाच्या बाजूनेच वर केला होता.

दुसऱ्या पहाटे कूलर बंद पडला. विश्वजित फेटा बांधून लांब उभा होता. क्रांती आली नाही. गावाचं सगळं दूध नासलं, पण गादी शाबूत राहिली.

तुम्ही हसताय, हे बरं आहे. आता एवढंच आठवून बघा. वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तुमच्या ताईनं सही केली, त्या दिवशी तिला घेतलेल्या साडीचा रंग कोणता होता? नाही ना आठवत? गुंठे मात्र तोंडपाठ असतील.