चौकशी बंद आहे

"काय हणमंतअण्णा, सकाळी सकाळी कुठं?" असं आमच्या काटनपेठेत कुणी विचारलं, की हणमंतराव जागच्या जागी थांबत, हातातली पिशवी खाली ठेवत, विचारणाऱ्याकडे नीट बघत आणि म्हणत, "चौकशी बंद आहे." मग पिशवी उचलून चालू लागत.

मला या उत्तराचा भयंकर संताप येई. शेजारी म्हणून आपुलकीनं विचारावं, तर हे ऐकून घ्यायचं! आणि तेही पिशवी खाली ठेवून. चालता चालता म्हटलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. या गृहस्थांची नोकरीच मुळी चौकशीची. बंगळूरच्या सिटी स्टेशनवर ते चौकशीच्या खिडकीत बसत. मद्रासची गाडी कधी, म्हैसूरची कुठल्या फलाटावर, हुबळीची गेली का, या प्रश्नांना आठवड्यातले सहा दिवस चार-पाच भाषांतून उत्तरं देत. तिथं त्यांच्या तोंडात साखर. एका म्हातारीनं चौथ्यांदा तेच विचारलं तेव्हा, "बसा अम्मा, स्वल्प वेळ आहे अजून," असं त्यांना म्हणताना मी स्वतः ऐकलंय. म्हणजे या माणसाला बोलता येत नव्हतं असं नाही. आमच्याशी बोलायचं नव्हतं, एवढंच.

सातव्या दिवशी, रविवारी, ते सगळ्यात रेंगाळणारी पॅसेंजर धरत आणि जिथं कुणी उतरत नाही अशा स्टेशनावर उतरत. तिथं देऊळ, धबधबा, बाजार असलं काही असेल तर ते स्टेशन बाद. बाकावर बसायचं, बरोबर नेलेल्या दशम्या खायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. याला ते प्रवास म्हणत! मेल गाडीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. "पोचायची घाई असली तर घरीच बसावं की. घरी माणूस पोचलेलाच असतो."

प्रत्येक स्टेशनाची नोंद एका वहीत असे. एकदा कुठल्या तरी खुशीत त्यांनी ती मला दाखवली. "के. आर. पुरम. उतरले : अकरा, कोंबड्यांसह. पुन्हा येणे नाही." "देवनगोंथी. उतरले : दोन. दुसरा गात होता." "टेकल. उतरले : एक. स्टेशनमास्तर झोपलेले. उत्तम." तो एक म्हणजे अर्थातच ते स्वतः.

आमच्या पेठेत कुणी गावाला निघालं, की त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचं ही रीत. हणमंतराव मालूरला चालल्याचं एकदा आमच्या गल्लीतल्या गोदाक्कांना कळलं. त्यांची बहीण मालूरची. त्यांनी लोणच्याची बरणी त्यांच्या हातात दिली, आणि ही बाई हातात वस्तू देते तेव्हा नाही म्हणायला वेळच ठेवत नाही. बहिणीच्या घरी हणमंतरावांना पाच तास बसवून घेतलं, दोनदा जेवायला वाढलं आणि काटनपेठेतल्या प्रत्येक घराची खुशाली विचारली. परत आल्यावर ते तीन आठवडे आमच्यापैकी कुणाशी बोलले नाहीत. वहीत लिहिलं होतं, "मालूर. उतरले : एक. पुढे घरात चौदा जण. बाद."

मी आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. दरवर्षी आमची नंदीच्या डोंगरावर सहल जाई. दोन बसगाड्या, लाउडस्पीकर, शंभर माणसं. मी मोठ्या मनानं हणमंतरावांना बोलवायला गेलो, तर म्हणतात, "त्या डोंगरानं तुमचं काय वाकडं केलंय?" माणूसघाणा! या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं.

त्याच वर्षी माझी आई गेली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या दिवसापासून बोलेनासे झाले. समाचाराला माणसं येत. मी चिटणीस, तेव्हा माणसांना काय तोटा! सकाळी आठपासून रांग. प्रत्येकजण आप्पांच्या शेजारी बसून विचारी, "कसं झालं हो? शेवटी काही म्हणाल्या का?" आप्पा छताकडे बघत. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी, मग नुसतं ताक. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर ते उठायचे नाहीत. मी घाबरलो, आणि आप्पांना एकटं वाटू नये म्हणून आणखी माणसं बोलावली.

आला नाही तो एकच. भिंतीपलीकडचा. हे मात्र मी मनात पक्कं धरून ठेवलं.

चौथ्या रविवारी सकाळी हणमंतराव दारात उभे. हातात पिशवी आणि पुठ्ठ्याची दोन तिकिटं. मी तयारच होतो. "झाली का सवड?" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आप्पा," ते म्हणाले, "पॅसेंजरला अर्धा तास आहे. टेकलला जाऊ. तिथं कुणी काही विचारत नाही."

आप्पा उठले. महिनाभर हाताला धरून उठवावं लागणारा माणूस आपण होऊन उठला आणि खुंटीवरची टोपी शोधू लागला.

"अहो, त्यांना बरं नाही! कुठं नेताय? आणणार कधी?" मी ओरडलो.

हणमंतरावांनी पिशवी खाली ठेवली. "चौकशी बंद आहे."

दिवसभर मी धुमसत होतो. त्यात समाचाराची माणसं येतच होती. आप्पा नाहीत म्हटल्यावर ती माझ्याजवळ बसली. "कसं झालं हो? शेवटी काही म्हणाल्या का?" पहिल्यांना सांगितलं. दुसऱ्यांना सांगितलं. तिसऱ्यांना सांगून झालं, तरी ते पुढचं विचारतच राहिले. चौथे आले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि आईसाठी पहिल्यांदा पोटभर रडलो.

दिवेलागणीला आप्पा परतले. तोंड उन्हानं रापलेलं, धोतराला लाल धूळ. पानावर बसले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. बायको पदरानं डोळे पुसत वाढत होती. मला राहवलं नाही. "आप्पा, काय बघितलंत? काय बोललात दिवसभर?"

आप्पांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि महिन्याभरानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चौकशी बंद आहे."

मी तडक शेजारी गेलो. आभार मानायला गेलो की भांडायला, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. आभार मानले. मग म्हटलं, "मलाही न्या एकदा."

"तुम्हाला? तुम्ही बोलता," असं म्हणून हणमंतराव चहा ठेवायला आत गेले. याचा राग मला आजही आहे.

टेबलावर वही उघडी होती. वाचू नये हे कळत होतं, तरी वाचली.

"टेकल. उतरले : दोन. आप्पा रडले. मी दुसरीकडे बघत बसलो. दशम्या पुरल्या. उत्तम." आणि त्याखाली पेन्सिलीनं, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं, "पुढच्या रविवारी येतील का? कसं विचारावं?"

मी चहा घेतला आणि एक शब्दही न बोलता घरी आलो. आप्पांची टोपी झटकली आणि आतल्या खुंटीवर न ठेवता दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवली.