अकरा मिनिटे अधांतरी

स्टोअरकीपरने स्टोअरच्या दाराला आतून कडी लावली आणि नोकरीत पहिल्यांदाच, उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस पिशवीतून बाहेर काढला. बारा वर्षं कारखान्याचे हार्नेस तोच निवडत आला होता. निवडत म्हणजे काय, तर बंद पिशवीवर हात ठेवून 'वापरून पाहिले, समाधानकारक' असं लिहीत आला होता. पण नव्या मॅनेजरबाईंनी फॉर्ममध्ये एक चोंबडा रकाना वाढवला होता: 'स्वतः किती वेळ लटकून पाहिले?'

त्यातून अकरा वाजता चिमणी रंगवायला वर चढणार होता, तो त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. जुने हार्नेस मांड्यांत सैल पडतात, अशी त्याची वर्षभर तक्रार होती, आणि "तू फार हलतोस," हे स्टोअरकीपरचं ठरलेलं उत्तर होतं. सकाळी डबा देताना बायको एवढंच म्हणाली होती, "त्याला काही झालं, तर घरी येऊ नका."

त्याने हार्नेस अंगावर चढवला. मांडीच्या पट्ट्याखाली पंजा सपाट जावा, मूठ जाऊ नये, असं सोबतच्या कागदावर छापलं होतं. त्याच्या पट्ट्याखाली मूठच काय, तो डबाही गेला असता. पण पट्टा आवळला तर पँटची इस्त्री मोडणार, म्हणून त्याने तो तसाच ठेवला. मग तो चाकांच्या स्टुलावर चढला. अशा स्टुलावर चढू नये, ही पाटी त्यानेच मेहुण्याकडून रंगवून घेतली होती. पाठीवरच्या कडीतली दोरी त्याने पेट्या उचलायच्या हुकाला अडकवली, दोन मिनिटांचा हिशेब मनाशी धरला आणि पाय उचलले. स्टूल निघालं ते थेट कपाटापाशी जाऊन थांबलं.

छातीचा पट्टा हनुवटीला आला. मांड्यांचे पट्टे कुठे गेले, ते सांगण्यासारखं नाही. जमीन पायांखाली हातभर होती आणि पाठीवरची कडी त्याच्या हाताला काही केल्या लागेना. पाचव्या मिनिटाला मुंग्या आल्या. आठव्या मिनिटाला मुंग्याही गेल्या आणि तो खरोखर घाबरला. लटकलेल्या माणसाला तातडीने खाली उतरवावे, असं कागदात होतं. कोणी, ते नव्हतं.

एवढ्यात माल द्यायच्या खिडकीच्या गजांमागे मेहुणा उभा राहिला. त्याने बराच वेळ पाहिलं.

"भाऊजी, मांड्यांत सैल वाटतं का हो?"

"स्टूल," स्टोअरकीपर कसंबसं म्हणाला.

"मागणीपत्र नाही आणलं. तीन प्रतींशिवाय या खिडकीतून खिळासुद्धा हलत नाही, तुम्हीच सांगता."

"पाय लागत नाहीत रे मला."

तो आवाज ऐकून मेहुण्याचं हसू उतरलं. तो धावत जाऊन रंगाच्या रोलरची लांब काठी घेऊन आला आणि त्याने ती गजांतून आत घातली. पहिल्या ढोसणीला स्टूल आणखी लांब पळालं. दुसऱ्या वेळी भिंतीला आपटून परत आलं आणि तिसऱ्या वेळी एकदाचं पायांखाली आलं. आता ते हलू नये म्हणून मेहुण्याने काठी घट्ट दाबून धरली.

स्टुलावर उभं राहून पट्टे सोडल्यावर स्टोअरकीपर खाली उतरला आणि त्याने दाराची कडी काढली. मग त्याने एकामागून एक तीन हार्नेस मेहुण्याच्या अंगावर चढवले. दोन उतरवले. तिसऱ्यात पंजा गेला आणि मूठ अडली.

"आता जरा हलून दाखव," तो म्हणाला. मेहुणा हलला. पट्टा हलला नाही.

मेहुणा चिमणीवर गेला आणि दुपारी धडधाकट खाली आला. तोवर स्टोअरकीपर मान वर करून खाली उभाच होता. नंतर त्याने रकान्यात खरं ते लिहिलं: अकरा मिनिटे. बारा वर्षांतली त्याची ही पहिली खरी नोंद.

संध्याकाळी मॅनेजरबाईंनी दोघांनाही बोलावलं. इतकी मेहनत आजवर कोणी घेतली नव्हती, असं म्हणून त्यांनी स्टोअरकीपरचं तोंड भरून कौतुक केलं. उद्या सकाळी नऊ वाजता सगळ्या कामगारांसमोर त्याने पुन्हा लटकून दाखवायचं होतं.

स्टोअरकीपरने मेहुण्याकडे पाहिलं. जाताना मेहुण्याने रोलरची काठी स्टोअरच्या खिडकीपाशी नीट उभी करून ठेवली आणि खिशातून तीन प्रतींतलं मागणीपत्र काढून आत सरकवलं. त्यावर लिहिलं होतं: स्टूल, एक नग, बिनचाकांचं.