विलीसाठी पिवळ्या रेघा

प्रभाकर जगदाळेच्या घरात खुर्ची हलवायला बंदी होती. बसायचं असेल तर आहे तिथेच बसायचं. एखादा पाहुणा गप्पांच्या भरात खुर्ची पुढे ओढू लागला, की प्रभाकर हातातला कप खाली ठेवून उठायचा आणि पाहुण्यासकट खुर्ची मागे सारायचा.

"पाय रेघेत घ्या," तो शांतपणे म्हणायचा.

पाहुणा आपले पाय जवळ घ्यायचा. मग त्याच्या लक्षात यायचं, की बोलणं खुर्चीच्या पायांबद्दल चाललंय. चारही पायांभोवती फरशीवर पिवळ्या तेलरंगाचे चौकोन आखलेले होते. तसेच टेबलाभोवती, कॉटभोवती, पाण्याच्या पिंपाभोवती. पिंपरीतल्या ज्या कारखान्यात प्रभाकर नोकरीला होता, तिथे कुठलं यंत्र कुठे उभं राहील हे ठरवणं हेच त्याचं काम. त्यामुळे कॉलनीतल्या लोकांचा समज असा झाला होता, की जगदाळे कामाचं वेड घरी घेऊन येतात. प्रभाकरने हा समज दूर केला नाही. खरं कारण त्याहून अवघड होतं आणि ते कॉटखाली झोपलेलं असायचं.

विली हा टेरियर जातीचा कुत्रा. पांढराशुभ्र, एका कानावर तपकिरी डाग, उंचीने पाण्याच्या घागरीएवढा. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परतताना त्याला प्रभाकरच्या हवाली करून गेला. कॉलनीत कुत्री पाळायला मनाई होती. पण पहिल्याच महिन्यात विलीने भांडी चोरायला आलेल्या एका माणसाला असं पिटाळलं, की तो स्वतःची चप्पल मागे ठेवून गेला. मग राखणीचा कुत्रा म्हणून विलीला खास परवानगी मिळाली.

पुढल्या वर्षी विलीचा एक डोळा लाल झाला. पुण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं.

"डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय. टेरियरमध्ये होतं असं. सरकलं की आत दाब वाढतो. काचबिंदू. हा डोळा गेला, आणि खोटं कशाला सांगू, दुसराही फार दिवस टिकायचा नाही."

"पुन्हा जागेवर बसवता येत नाही?" प्रभाकरने विचारलं. जागेवरून सरकलेली वस्तू परत जागेवर बसते, यावर त्याची आजवरची नोकरी उभी होती.

"नाही. पण घरातलं काही हलवू नका. तो आठवणीवर चालेल."

दिवाळीपर्यंत दुसराही डोळा गेला. विली आठवडाभर कॉटखालून बाहेर आला नाही. मग प्रभाकरने रंगाचा डबा आणला आणि रेघा आखल्या. टेबलाच्या पायाला निलगिरीचं तेल लावलं, उंबऱ्याशी काथ्याचं पायपुसणं टाकलं. प्रभाकरच्या बायकोची, पद्माची, चाहूल विलीला बांगड्यांवरून लागायची. प्रभाकर मात्र मांजराच्या पावलाने चालायचा. एकदा विलीने दचकून त्याच्या टाचेला दात लावले, तेव्हा पद्माने त्याच्या सपातांना घुंगरं बांधली. संध्याकाळी प्रभाकर छुमछुम करत घरभर फिरायचा आणि विली शेपटी हलवत त्याच्या मागे. न पाहणाऱ्याला वाटावं, जगदाळ्यांकडे नाचाचा क्लास आहे.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग शेजारच्या वासंतीबाईंची नवी चादर दोरीवरून गेली.

"भर दुपारी नेली हो! आणि तुमचा विली उंबऱ्यात उन्हात बसून टकामका बघत होता. डोळे फुटले होते का त्याचे?"

चादर नेणारा चोर नव्हताच. धोबी भिवा दुसऱ्याच्या कपड्यांबरोबर चुकून ती घेऊन गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्री करून परत आणून दिली. विलीला भिवाचा वास पाठ होता, म्हणून तो भुंकला नाही. पण तोवर तक्रार पोचायची तिथे पोचली होती, म्हणजे उद्धवराव शेलारांकडे.

उद्धवराव फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मूळ गाव मावळात, आता कॉलनीच्या पहाऱ्याचे मुख्य. फाटकावर त्यांची शिस्त अशी कडक, की रोज जाणाऱ्या-येणाऱ्यालाही ते काठी आडवी धरून थांबवत आणि गरजत, "नाव बोला!" चीफ इंजिनिअरनाही त्यातून सूट नव्हती. "नियम म्हंजी नियम," एवढंच त्यांचं उत्तर.

प्रभाकरची लॅम्ब्रेटा स्कूटर फाटकाशी आली, तशी काठी आडवी झाली.

"जगदाळे ना? तक्रार हाय तुमच्यावर. रविवारी सकाळी येतो त्या काळ्या कुत्र्याची तपासनी कराया."

"सुभेदार, अहो ती चादर मिळाली..."

"चादरीचं न्हाई इचारलं मी. राखन करतंय का न्हाई, ते बघनार. करत नसंल तर कॉलनीत ऱ्हायाचं न्हाई."

'काळा' हे त्यांनी रागाने म्हटलं असावं, असं प्रभाकरला वाटलं. डोळस कुत्रा कुठेही राहिला असता. आकुर्डीत बंगला असलेल्या मित्राने त्याला आनंदाने ठेवून घेतलं असतं. पण विलीला साऱ्या जगात एवढ्या दोनच खोल्या 'दिसत' होत्या. त्या गेल्या, की त्याला पुन्हा कॉटखाली जावं लागणार, आणि तीही कॉट परकी.

"मग सुभेदारांना कळू द्यायचंच नाही," पद्मा म्हणाली.

त्यांनी तालीम सुरू केली. पद्मा लाटणं काखेत धरून सुभेदार झाली. सुभेदार घरी आले, की नेहमी दारातून सरळ येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसत, हे दोघांना ठाऊक होतं. पद्मा तशी आली, बसली आणि लाटणं आपटलं. विली कॉटखालून निघाला, निलगिरीच्या वासाला वळसा घालून खुर्चीपुढे आला आणि उजवा पंजा उचलून थांबला.

"अगंबाई! याला दिसत नाही म्हणून सांगितलं, तर उलट आपल्यालाच खोटं पाडतील," पद्मा म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी कराडहून पद्माची गोजाबाई आत्या न कळवता आली. बरोबर पावट्याच्या शेंगांचं पोतं. प्रभाकरने तिला पहिल्या चहालाच बजावलं, "आत्या, एक विनंती. घरातलं काही हलवायचं नाही."

"मी कशाला हलवतीया बाबा?"

कारण मात्र त्याने सांगितलं नाही. आत्याच्या कानात पडलेली गोष्ट सकाळच्या नळापर्यंत पोचली नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

रविवारी पद्मा पोह्यांसाठी कोथिंबीर आणायला गेली आणि प्रभाकर मागच्या अंगणात विलीला आंघोळ घालायला बसला. सुभेदारांसमोर कुत्रा चकचकीत दिसावा, हा त्यामागचा विचार. टॉवेलात गुंडाळलेला विली काखेत घेऊन तो आत आला, तेव्हा त्याच्या नाकात निलगिरीऐवजी फिनेल शिरलं.

टेबल भिंतीला लागलं होतं. खुर्ची कॅलेंडरखाली गेली होती. खिडकीशी, खुर्चीच्या जागी, पावट्याचं पोतं विराजमान होतं. आणि फरशी! फरशी आरशासारखी लखलखत होती. पिवळ्या रेघेचा मागमूस नव्हता.

"आत्या, रेघा?"

"त्ये पिवळं डाग व्हय? सायेब यायचा म्हनताय आन् फरशी अशी? आर्धी बाटली राकेल घातलं, तवा निघालं." गोजाबाईने पदराने कपाळ पुसलं. "आन् जावईबापू, तुमच्या सपातांना घुंगरं कुनी बांधली वो? गड्याच्या पायात ही काय तऱ्हा! काढून देव्हाऱ्यात ठिवली."

प्रभाकरने विलीला कॉटखाली सोडलं आणि टेबलाला हात घातला. कारखान्यात टनावारी वजनाची यंत्रं इंचावर बसवणारा माणूस. पण रेघा नसल्यावर त्याला स्वतःचं टेबल कुठे होतं हेही आठवेना. त्याने ते इकडे ओढलं, मग तिकडे ओढलं. मधलं स्टूल लाथाडलं. तेवढ्यात पद्मा कोथिंबीर घेऊन धापा टाकत आली.

"अहो, सुभेदार कोपऱ्यावर आलेत!" एवढं बोलून तिने खोलीकडे पाहिलं आणि कोथिंबिरीची जुडी छातीशी धरली. "आत्या, काय केलंस हे!"

"झाडलोट केली," आत्या म्हणाली. "तुझ्या घरात कुनी करत न्हाई वाटतं."

तोवर आत्याने पोह्यांच्या बशा भरून आणून त्या लाथाडलेल्या स्टुलावर मांडल्या. दारात काठी वाजली.

"जगदाळे! हाय का कुत्रं घरात?"

"या, सुभेदार," प्रभाकर म्हणाला.

पुढची घटना फार झटकन घडली. काठीचा आवाज ऐकून विली तालमीबरहुकूम निघाला. फिनेलने त्याचं नाक बधिर झालं होतं, तरी त्याने वर्षभराच्या आठवणीवर भरवसा ठेवला. त्याच वेळी उद्धवराव छाती काढून, सरळ, डावीकडे-उजवीकडे न बघता खिडकीकडे चालत गेले, मागे वळले आणि खुर्चीत बसले. खुर्ची तिथे नव्हती. ते थेट पावट्याच्या पोत्यावर आदळले, पोतं उसवलं आणि सुभेदार शेंगांसकट घरंगळत फरशीवर आले. इकडे विली स्टुलावर आपटला आणि पोह्यांच्या बशा त्याच्या पाठीवर.

मग विलीने, शिकवलेलं विसरायचं नाही म्हणून, उजवा पंजा उचलून अदबीने पुढे केला. कपाटापुढे.

"खुर्ची कुनी हलवली?" उद्धवराव गरजले. "बोला! गप का उभं ऱ्हायलाय?"

ते दाराजवळ खुंटीला टांगलेल्या रेनकोटाला दरडावत होते.

"आगं बया," गोजाबाई म्हणाली, "ह्या दोघास्नीबी दिसत न्हाई का काय!"

प्रभाकरच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या चौकोनात जाऊन बसली. आडवी काठी. 'नाव बोला.' काळा कुत्रा. त्याने रेनकोटाकडे पाहिलं, सुभेदारांकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांना हात दिला, खुर्ची आणली आणि त्यांचा हात तिच्या पाठीवर नेऊन ठेवला.

"चूक आमची, सुभेदार. खुर्ची जागेवर नव्हती."

उद्धवराव बसले. मिशीतली शेंग काढली. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुत्र्याची नजर कशी हाय?"

"अगदी तुमच्यासारखी."

सुभेदारांनी घसा खाकरला. "मंग उत्तम हाय," ते म्हणाले. "तपासनी झाली."

पद्माने उरलेले पोहे आणले. बशी त्यांच्या हातात देताना तिने बांगड्या जरा जास्तच वाजवल्या.

"मोतीबिंदू हाय," उद्धवराव बशीकडे तोंड करून म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. डाक्टर म्हनतोय, काढू. पर पट्टी बांधून पडलो, तर फाटक दुसऱ्याच्या हातात जाईल. आन् खरं सांगू का, भ्या वाटतं. गोळीचं कदी वाटलं न्हाई."

प्रभाकर विलीच्या पाठीवरचे पोहे वेचत होता.

"सुभेदार, तुमचा बिंदू काढता येतो. ह्याचा नाही येत. येत असता तर मी ह्याला खांद्यावर घेऊन पुण्यापर्यंत चालत गेलो असतो. तुम्हाला तर नुसतं लोकलमध्ये बसायचंय."

"डबा मी पाठवीन," पद्मा म्हणाली.

उद्धवरावांनी खाली हात केला. विली वास घेत आला आणि या वेळी त्याने पंजा बरोबर जागी ठेवला.

सोमवारी कॉलनीच्या फाटकावर नवल झालं. पहारेकऱ्यांचं टेबल, स्टूल, पाण्याचा माठ, साऱ्यांभोवती पिवळ्या रेघा आल्या होत्या. कारखान्याची शिस्त कॉलनीतही आली, म्हणून लोकांनी कौतुक केलं. वासंतीबाईंनी तर आपल्या तुळशीभोवतीही रेघ मारून मागितली. गोजाबाईने गुडघे टेकून जगदाळ्यांच्या घरातल्या रेघा पुन्हा आखायला मदत केली. आणि कराडला परत जाईपर्यंत गोष्ट नळावर नेली नाही. जन्मात प्रथमच असं घडल्याने तिचं पोट दोन दिवस बिघडलं होतं.

पुढे उद्धवराव खरोखरच रजेवर गेले. ते परतले तेव्हा त्यांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता, आणि फाटकावर लांबूनच एकेकाचं नाव घेऊन ते हाक मारत होते. प्रभाकरला आनंद झाला. पण दुसऱ्याच दिवशी दारात काठी वाजली, तेव्हा त्या आनंदाची धार जरा बोथट झाली. आता सुभेदारांना दिसत होतं. आणि नियम म्हणजे नियम.

"कुत्रं बघतो," उद्धवराव म्हणाले.

विली पुढे आला. सुभेदार उकिडवे बसले, चष्मा सावरला आणि विलीच्या निळसर, धुरकट डोळ्यांत बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, हाताकडे पाहिलं, पुन्हा पाठीकडे पाहिलं.

"जगदाळे, हे कुत्रं पांढरं हाय?"

"हो. पहिल्यापासून."

"मी तर वर सायबाला काळं म्हनून सांगितलंय. दोन वर्सं सांगतोय." सुभेदार उठले. काठी काखेत घेतली.

"म्हंजी परवानगी हाय ती काळ्या कुत्र्याला," ते म्हणाले. "ह्या पांढऱ्याला मी बघितलंच न्हाई."

मग डावीकडे-उजवीकडे न बघता ते खिडकीकडे गेले, मागे वळले आणि बसले. खुर्ची रेघेतच होती.