धूळसाहेबांचा लकी स्वेटर

"अहो, तो स्वेटर नका घालू. झडतोय तो."

"लकी आहे तो! तुला नाही कळायचं," म्हणत धूळसाहेबांनी तो डोक्यातून ओढलाच. प्रयोगशाळेने ठेवलेलं हे नाव त्यांना पदवीसारखं वाटे. हवेतले डोळ्यांना न दिसणारे कण प्रकाशाच्या झोताने मोजणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. बायकोचं म्हणणं कानात शिरायला मात्र त्यांच्याकडे कुठलंच यंत्र नव्हतं.

आज खुद्द संचालक यंत्र बघायला येणार होते. आकडा नीट आला तर प्रकल्पाला मुदतवाढ, नाहीतर धूळसाहेबांनी घरी बसून कपाटावरची धूळ मोजायची! म्हणून शिपायाकडून खोली पुन्हा पुन्हा पुसून घेतली होती.

संचालक आले. धूळसाहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा जो चढायला लागला, तो थांबेचना.

"ही तुमची स्वच्छ खोली?" संचालकांनी विचारलं.

"याने झाडू मारला असणार!" धूळसाहेब शिपायावर घसरले.

"झाडू तुम्हीच कुलपात घातलाय, साहेब. किल्ली तुमच्या खिशात आहे."

तरी बिचाऱ्याला बाहेर काढलं. आकडा काही उतरेना. मग पडदे गेले, फायली गेल्या, खुर्चीची गादी गेली. ही सगळी उचलाउचल धूळसाहेब जातीने, हात झटकत करत होते आणि आकडा त्यांच्या मेहनतीला दाद देत वर जात होता. शेवटी खोलीत संशय घेण्यासारखे एकटे संचालकच उरले.

"साहेब, राग मानू नका, पण तुमचा कोट..."

संचालकांनी राग मानला. पण ते बाहेर गेले आणि काचेतून बघत उभे राहिले. धूळसाहेब यंत्रावर वाकले, आकडा उसळला. ते घाम पुसत बाहेर आले.

"यंत्र बिघडलंय, साहेब. संपलं सगळं," ते रडवेले होऊन म्हणाले.

"थांबा. आकडा उतरतोय. आत जा बघू." धूळसाहेब आत गेले. "या बाहेर. जा आत. या." धूळसाहेबांच्या चार फेऱ्या झाल्या. शिपाई तोंडावर फडकं धरून उभा होता, धुळीमुळे नव्हे.

"यंत्र झकास आहे," संचालक म्हणाले. "तो स्वेटर काढा."

संध्याकाळी धूळसाहेब नुसत्या शर्टात, कुडकुडत घरी आले.

"अगं बाई! स्वेटर कुठे टाकलात?"

"प्रयोगशाळेने ठेवून घेतला. यंत्राची चाचणी घ्यायला इतकी खात्रीची धूळ दुसरीकडे कुठे मिळत नाही म्हणे."

"आणि तुमचं काय झालं?"

"मला वर्षाची मुदतवाढ मिळाली," धूळसाहेब म्हणाले. "स्वेटरला कायम केलं."